विश्लेषण : पाऊस एकच, फायली दोन... मग आकडे वेगळे का?

26 जुलै 2005 रोजी मुंबई बुडाली. सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मात्र भारतीय हवामान विभागाच्या दैनंदिन पावसाच्या फाइलमधून 26 जुलैची नोंद काढून पाहिली, तर त्या प्रलयाचा मागमूस दिसत नाही. तो पाऊस 27 जुलैच्या नावावर जमा आहे. कारण विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि तोवरच्या 24 तासांचा पाऊस त्या तारखेला लिहिला जातो. उपग्रहांच्या निरीक्षणांवरून तयार होणाऱ्या जागतिक फायलींत मात्र दिवस जागतिक प्रमाणवेळेने, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. या दोन फायली एकाच तारखेने संगणकापुढे ठेवल्या, तर ‘प्रचंड तफावत’ असे उत्तर येणार. फायली दोन्ही बरोबर आहेत, तुलना चुकली आहे. फळपीक विमा, अतिवृष्टीची मदत, धरणातून सोडायचे पाणी असे बरेच काही आता हवामानाच्या आकड्यांवर ठरते. त्यामुळे अशा फायली कशा पडताळल्या जातात, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांपुरता उरलेला नाही.

हवामानाची फाइल असते तरी कशी?

एक्सेलसारखा तक्ता डोळ्यांसमोर आणला तर फसगत होते. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून मिळणारी पावसाची माहिती चौकटींच्या जाळीत मांडलेली असते. पाव अंश अक्षांश आणि पाव अंश रेखांश अशी एक चौकट, म्हणजे ढोबळमानाने 27 किलोमीटरची बाजू. अशा 135 गुणिले 129, म्हणजे 17,415 बिंदूंवर रोजचा पाऊस दिलेला असतो. ही मालिका 1901 पासूनची आहे आणि ती उभी करताना देशभरातील 6,955 पर्जन्यमापकांच्या नोंदी वापरल्या गेल्या.

ही माहिती साठवण्याच्या पद्धती अनेक. सर्वात साधी म्हणजे कोणतेही शीर्षक नसलेली द्विमान फाइल, तिच्यात नुसते आकडे एकापुढे एक ठेवलेले. दुसरी ‘नेटसीडीएफ’. अमेरिकेतील बोल्डर येथील युनिडेटा या संस्थेने विकसित केलेल्या या प्रकारात आकड्यांबरोबर त्यांचे एकक, तारखा, जाळीचे तपशील असे सारे एकाच पोटात असते. तिसरी ‘ग्रिब’, जागतिक हवामान संघटनेने ठरवून दिलेली आणि देशोदेशींच्या हवामान खात्यांत अंदाजाची देवाणघेवाण करणारी. ग्रिब फाइलमधला प्रत्येक संदेश ‘जी-आर-आय-बी’ या चार अक्षरांनी सुरू होतो आणि ‘7777’ या चार अंकांनी संपतो. जुन्या तारायंत्री संदेशांची आठवण यावी, असा हा थाट.

नेहमीची ‘डिफ’ आज्ञा का पुरत नाही?

संगणकाच्या काळ्या पडद्यावर, माउसशिवाय, टंकून दिलेल्या आज्ञांनी काम करण्याला कमांड लाइन म्हणतात. तेथे दोन फायली ताडून पाहण्यासाठी ‘डिफ’ आणि ‘सीएमपी’ या आज्ञा अनेक दशकांपासून आहेत. प्रोग्रॅमरना त्या तोंडपाठ असतात. पण ‘डिफ’ ओळींची तुलना करते आणि हवामानाच्या फाइलमध्ये ओळीच नसतात. ‘सीएमपी’ बाइटशी बाइट ताडते आणि पहिला फरक कितव्या बाइटवर आहे, ते सांगते. तो फरक पावसाच्या आकड्यात आहे की फाइलच्या प्रस्तावनेत, हे तिला कळत नाही.

नेटसीडीएफमध्ये तर हे हमखास घडते. या फायलींवर काम करणारी बरीच साधने आपण केव्हा, काय केले याची एक ओळ फाइलच्या ‘हिस्टरी’ या भागात आपणहून जोडतात. त्यामुळे आज सकाळी आणि आज दुपारी, त्याच माहितीवरून, त्याच आज्ञेने बनवलेल्या दोन फायली बाइटच्या पातळीवर वेगळ्या ठरतात. पावसाचा एकही आकडा बदललेला नसतो, फक्त घड्याळ पुढे गेलेले असते.

शीर्षक नसलेल्या द्विमान फाइलबाबत मात्र एक अगदी साधी तपासणी उपयोगी पडते, ती म्हणजे फाइलचा आकार. 17,415 बिंदू, प्रत्येकी 4 बाइट, 365 दिवस. गुणाकार 2 कोटी 54 लाख 25 हजार 900. लीप वर्षात त्यात आणखी 69,660 बाइटची भर. आकार याहून वेगळा निघाला तर डाउनलोड अर्धवट झाले आहे किंवा भलतीच फाइल हाती आली आहे. कोणतेही खास साधन न वापरता हे दहा सेकंदांत कळते आणि तरीही ही तपासणी सर्रास वगळली जाते.

मग कोणती साधने वापरली जातात?

जर्मनीतील हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘सीडीओ’ हे त्यांतले बहुधा सर्वाधिक वापरले जाणारे. ते विनामूल्य आहे. त्यातील ‘डिफ’ ही क्रिया नावाने जुन्या आज्ञेसारखी असली, तरी फाइलच्या आत जाऊन आकडे वाचते. दोन्ही फायलींतील एकेक दिवस, एकेक घटक समोरासमोर ठेवून ती एक ओळ छापते. त्या दिवशी एकूण बिंदू किती, नोंद नसलेले किती, वेगळे किती, सर्वात मोठा थेट फरक किती आणि सर्वात मोठा सापेक्ष फरक किती. जोडीला दोन छोटी चिन्हे असतात. कुठे एका फाइलमध्ये धन आणि दुसऱ्या फाइलमध्ये ऋण आकडा आहे का, हे एक सांगते. कुठे एकीत शून्य आणि दुसरीत काहीतरी आहे का, हे दुसरे. पावसाच्या बाबतीत हे दुसरे चिन्ह फार बोलके. एका फाइलनुसार कोरडा दिवस आणि दुसरीनुसार पाऊस, असा एक तरी बिंदू असल्याची ती खूण असते. अखेरीस एकूण इतक्यांपैकी इतक्या नोंदी वेगळ्या, असा गोषवारा येतो.

मात्र फरक नेमका नकाशावर कुठे आहे, हे ही ओळ सांगत नाही. त्यासाठी एका फाइलमधून दुसरी वजा करून फरकाची तिसरी फाइल बनवावी लागते आणि ती रंगवून पाहावी लागते. पुष्कळ जण या फरकाच्या फाइलची सरासरी काढून शून्याजवळ आली की निःश्वास टाकतात. हे धोक्याचे आहे. पावसाचा पट्टा एका चौकटीने पूर्वेला सरकला, तर एका ठिकाणी पन्नास अधिक आणि शेजारी पन्नास उणे. सरासरी शून्य. साताऱ्याचा पाऊस सांगलीला मोजला गेला, तरी राज्याची बेरीज जुळते.

ग्रिब फायलींसाठी युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राचे ‘एककोड्स’ हे सॉफ्टवेअर आहे. त्यातील ‘ग्रिब-कम्पेअर’ हे साधन संदेशांतील प्रत्येक शीर्षक आणि प्रत्येक आकडा ताडून पाहते. काही शीर्षके वगळा, किती फरक सहन करायचा ते मी सांगतो, संदेशांचा क्रम वेगळा असला तरी चालेल, असे त्याला बजावता येते. अमेरिकेत वाढलेल्या ‘डब्ल्यूआरएफ’ या प्रारूपाबरोबर येणारे ‘डिफडब्ल्यूआरएफ’ आणखी निराळ्या भाषेत उत्तर देते. प्रत्येक घटकाचे किती अंक जुळले, तेच ते सांगते. तापमानाचे सात अंक जुळले तर ठीक, दोनच जुळले तर शोध सुरू.

शेवटच्या अंकातला फरक येतो कुठून?

गणिताच्या वहीत बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येते. संगणकात तसे नसते. साध्या अचूकतेच्या आकड्यात सुमारे सातच अर्थपूर्ण अंक मावतात आणि प्रत्येक बेरजेनंतर उरलेले छाटले जातात. हजार प्रोसेसरांनी वाटून घेतलेली बेरीज आधी कुणाची पोहोचते यावर छाटणीचा क्रम ठरतो आणि शेवटचा अंक हलतो. कंपायलरची आवृत्ती बदलली तरी हेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2018 मध्ये ‘प्रत्युष’ आणि 2024 मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक आले. असे यंत्र बदलले की जगभर पहिले काम तेच असते, जुन्या आणि नव्या यंत्रावर एकच प्रारूप चालवायचे आणि निघालेल्या फायली ताडायच्या.

ग्रिबमध्ये फरकाचे आणखी एक कारण दडलेले असते. जागा वाचवण्यासाठी आकडे आवळून ठेवले जातात. 0 ते 400 मिमी पाऊस 12 बिटांत बसवला तर त्याच्या 4,096 पायऱ्या होतात, म्हणजे एक पायरी सुमारे 0.1 मिमीची. 16 बिट दिले तर 65,536 पायऱ्या. तोच अंदाज दोन केंद्रांनी वेगवेगळ्या बिटांत साठवला, तर उघडल्यावर आकडे वेगळे दिसणार. ग्रिब-कम्पेअरमध्ये यासाठी खास पर्याय आहे. आवळण्यामुळे जेवढी चूक होऊ शकते तेवढी माफ, तिच्यापलीकडची दाखव. तो न देता तुलना केली की पडदाभर फरकांची यादी येते आणि त्यात खरा दोष असलाच, तर तो बुडून जातो.

शेवटचे अंक क्षुल्लक समजावेत का? याचे उत्तर देणारी घटना 1961 मधली आहे आणि तीही दोन छापील कागदांच्या तुलनेचीच. एमआयटीतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ ‘रॉयल मॅकबी’ या संगणकावर छोटे हवामान प्रारूप चालवत होते. एक गणना पुन्हा पाहण्यासाठी त्यांनी आधीच्या छापील कागदावरून मधलाच एक आकडा यंत्राला दिला. यंत्राच्या स्मृतीत तो 0.506127 होता, कागदावर तीनच अंक छापले जात असल्याने 0.506. नवा कागद सुरुवातीला जुन्याशी जुळला, मग हळूहळू दूर गेला आणि प्रारूपातील दोनेक महिन्यांनंतर दोघांत साम्य उरले नाही. आधी त्यांना यंत्रातील एखादी व्हॅक्यूम ट्यूब गेली असावी, असे वाटले. यंत्र ठीक होते. 1963 च्या त्यांच्या शोधनिबंधामागे ही तुलना आहे.

याचा व्यवहारातला परिणाम असा की, दहा दिवसांच्या अंदाजाच्या दोन फायली अंक न् अंक जुळाव्यात, ही अपेक्षाच कधी कधी निरर्थक ठरते. बोल्डरच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राने म्हणूनच आपल्या हवामान प्रारूपासाठी वेगळी कसोटी बांधली. सुरुवातीच्या तापमानात नगण्य बदल करून एकाच प्रारूपाच्या अनेक फेऱ्या घ्यायच्या, त्यांच्यात आपापसांत किती फरक पडतो ते मोजायचे आणि नव्या यंत्रावरची फेरी त्या पसाऱ्यात बसते का, ते पाहायचे. ‘तंतोतंत तेच आहे का’ या प्रश्नाऐवजी ‘त्याच कुळातले आहे का’ असा हा प्रश्न आहे.

तुलनेआधी काय जुळवून घ्यावे लागते?

दोन वेगळ्या संस्थांच्या फायली असतील, तर खरे काम इथेच असते. तारखेचा घोळ वर आलाच आहे. 2005 चा मुंबईचा पाऊस ताडायचा तर दैनंदिन जागतिक फाइल उपयोगाची नाही. तासातासाची घ्यावी लागते आणि जागतिक वेळेनुसार 26 जुलैच्या पहाटे 3 पासून 27 च्या पहाटे 3 पर्यंतचे तास मिळवावे लागतात. तेव्हा कुठे आपले साडेआठ ते साडेआठ जुळतात. एवढे करूनही जाळीच्या फाइलमध्ये 944 दिसेल, अशी अपेक्षा करू नये. त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम 73 मिमी पाऊस झाला होता. पर्जन्यमापक एका ठिकाणचा पाऊस सांगतो आणि चौकट आजूबाजूच्या नोंदींची सांगड घालते. हा फरक कोणत्याही सॉफ्टवेअरचा दोष नव्हे.

एकके हा दुसरा सापळा. हवामान विभागाचा पाऊस मिलिमीटरमध्ये, तर युरोपीय केंद्राच्या ‘ईआरए 5’ या प्रसिद्ध मालिकेत तो मीटरमध्ये असतो. तापमान इकडे सेल्सिअस, तिकडे केल्विन. तिसरा सापळा दिशेचा. हवामान विभागाची पावसाची जाळी दक्षिणेकडून, 6.5 अंशांपासून वर चढते. ईआरए 5 उत्तरेकडून खाली उतरते. नुसता बिंदूंचा क्रम धरून वजाबाकी केली, तर कन्याकुमारीतून काश्मीर वजा होतो आणि आज्ञा बिनबोभाट पार पडते.

सर्वात हास्यास्पद चुका घडतात त्या नोंद नसलेल्या बिंदूंमुळे. जाळी चौकोनी आहे, देश नाही. समुद्रावरील आणि सीमेपलीकडील बिंदूंवर पावसाच्या फाइलमध्ये उणे 999 भरलेले असते. विभागाच्याच एक अंशाच्या तापमान फाइलमध्ये हीच खूण 99.9 अशी आहे. साधनाला हे सांगितले नाही, तर ते प्रामाणिकपणे अरबी समुद्रावर उणे 999 मिमी पाऊस धरून सरासरी काढते. पावसाचा उणे आकडा निदान डोळ्यांत खुपतो. 99.9 अंश तापमान सरासरीत मिसळले की ती थोडी जास्त दिसते, इतकेच. एखाद्या तापलेल्या मे महिन्यात ते खपूनही जाईल.

किती फरक म्हणजे फरक?

येथे साधन थांबते आणि माणसाचा निर्णय सुरू होतो. या सगळ्या आज्ञांना ‘इतका फरक माफ’ अशी मर्यादा देता येते. ती किती असावी, हे कोणत्याही आज्ञेत लिहिलेले नाही.

उदाहरणादाखल, एका फाइलमध्ये एका ठिकाणचा पाऊस 64.8 मिमी आहे आणि दुसरीत 65.2. फरक 0.4 मिमी, टक्केवारीत 0.6. एक टक्क्याची मर्यादा दिली असेल तर साधन म्हणेल, फायली सारख्याच. हवामानशास्त्रज्ञही म्हणेल, पर्जन्यमापकाजवळच्या वाऱ्यानेसुद्धा याहून जास्त फरक पडतो. पण महाराष्ट्रात अतिवृष्टीचा निकष महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीहून जास्त पाऊस असा आहे. त्या दृष्टीने पहिला आकडा म्हणजे नेहमीचा पाऊस आणि दुसरा म्हणजे पंचनामा. संगणकाच्या लेखी नसलेला फरक शेतकऱ्याच्या खात्यात काही हजार रुपयांचा असू शकतो.

उलट टोकही आहे. मार्चमधल्या कोरड्या दिवशी एका फाइलमध्ये 0.1 आणि दुसरीत 0.2 मिमी असेल, तर सीडीओ 50 टक्क्यांचा सापेक्ष फरक दाखवेल. बातमीच्या मथळ्यात तो भीषण वाटेल, जमिनीवर धूळही भिजणार नाही. म्हणून केवळ टक्के किंवा केवळ मिलिमीटर अशी एकच मर्यादा पावसाला चालत नाही. जो निकष पुढे लावायचा आहे, त्याच्या आसपासचे आकडे वेगळे काढून तपासावे लागतात. ‘कमाल फरक किती’ हे विचारून झाल्यावर ‘किती बिंदू 65 च्या या बाजूचे त्या बाजूला गेले’ हेही विचारायला हवे. सीडीओमध्ये ते आणखी एका आज्ञेचे काम आहे. आणि ही मर्यादा फायली उघडण्याआधी ठरवलेली हवी. निकाल पाहून ठरवलेली मर्यादा म्हणजे सामना संपल्यावर आखलेली सीमारेषा.

आकडा बदलला, तर जुना कुठे जातो?

हवामानाची फाइल एकदाच प्रसिद्ध होते आणि कायम राहते, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. ईआरए 5 ची प्राथमिक आवृत्ती सुमारे पाच दिवसांच्या अंतराने मिळते, अंतिम दोन-तीन महिन्यांनी. दोन्हींना फाइलमध्येच वेगळा क्रमांक असतो, त्यामुळे कोणती हाती आहे ते ओळखता येते. पुढे 2000 ते 2006 या काळासाठी वरच्या वातावरणातील तापमान वास्तवापेक्षा थंड दिसत असल्याचे लक्षात आले, तेव्हा तो काळ पुन्हा चालवून ‘ईआरए 5.1’ या नावाने स्वतंत्र प्रसिद्ध केला गेला. जुनी फाइल गुपचूप बदलली नाही, की नाहीशी केली नाही. पुण्यातूनही पावसाच्या जाळीची तात्काळ मिळणारी दैनंदिन फाइल आणि नंतरची वार्षिक फाइल, अशा दोन्ही उपलब्ध होतात. तात्काळ फाइल त्या दिवशी हाती आलेल्या केंद्रांवरच बेतलेली असल्याने दोहोंत फरक असणे स्वाभाविकच.

फरक पडण्यात गैर काही नाही. उशिरा आलेली नोंद मिळवणे, बिघडलेल्या मापकाचा आकडा वगळणे, ही तर कामाची शिस्त. आक्षेपार्ह असते ते न सांगता बदलणे. ज्या आकड्यावर विम्याचा दावा उभा आहे, तो एखाद्या संकेतस्थळावर सोमवारी 66 आणि शुक्रवारी 64 दिसू लागला आणि बदलाची कुठेच नोंद नसेल, तर दावेदाराच्या हाती मोबाइलवरच्या छायाचित्रापलीकडे काही राहत नाही. संकेतस्थळावर आकडा दिसणे आणि तो कोणत्या आवृत्तीचा हेही दिसणे, या दोन वेगळ्या सोयी आहेत. सार्वजनिक पैशाचे निर्णय होतात, तेथे दुसरी सोय सक्तीची असायला हवी.

ती महागही नाही. फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख, जुनी आवृत्ती डाउनलोडसाठी कायम, फाइल वाटेत बदलली नाही हे तपासण्यासाठी शेजारी तिचा ‘चेकसम’ आणि जुन्या-नव्या फाइलच्या तुलनेचा छापील निकाल, जसाच्या तसा. वर्षभराच्या पावसाच्या दोन फायली ताडून तो काढायला साध्या लॅपटॉपवर काही सेकंद लागतात. त्या मजकुरात 365 ओळी असतील, बहुतेकांत शून्य असेल. ज्या ओळीत शून्य नाही, त्या दिवशी आपल्या मंडळाचे काय झाले, हे तालुक्यातला कुणीही संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी उघडून पाहू शकेल.